मेश्राम : एक आडनाव, दोन परंपरा

आडनाव एक असले म्हणजे कूळही एक असले पाहिजे, हा समज आपल्याकडे फार रूढ आहे. गडचांदूरच्या परिसरात तो टिकत नाही. ‘मेश्राम’ या एकाच आडनावाच्या आधारे हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गडचांदूर ज्या राजुरा भागात येते तो भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्याच जिल्ह्यातील केसलापूर येथे नागोबाचे ठाणे आहे. पौष अमावास्येस मेस्राम कुळातील गोंड तेथे महापूजा करतात. पूजेसाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणले जाते, आणि नव्या सुनांना देवापुढे नेऊन कुळात सामावून घेतले जाते. हे कूळ सातदेव्यांपैकी असून सातदेव्यांत आपापसांत सोयरीक होत नाही. म्हणजे येथे हे नाव आधी देवाचे व विवाहाचे बंधन सांगते. आडनाव म्हणून त्याचा वापर नंतरचा होय.

विदर्भातील पूर्वीच्या महार व आजच्या बौद्ध समाजातही हेच आडनाव सर्वत्र आढळते. ‘उत्खनन’कार कवी, ‘पोखरण’ या कादंबरीचे लेखक आणि २००५ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष केशव मेश्राम यांच्यामुळे ते मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चांदा येथे धम्मदीक्षा दिली. त्यानंतर लवकरच, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना होऊन राजुरा मुंबई राज्यात आला. एका समाजाचा धर्म पालटला, दुसऱ्याचे राज्य पालटले. आडनाव मात्र दोघांचेही कायम राहिले.

या शब्दाची ‘मेष’ आणि ‘राम’ अशी फोड सांगण्याचा मोह होतो. ती ग्राह्य धरता येत नाही. टेका म्हणजे साग, त्यावरून टेकाम; मर्का म्हणजे आंबा, त्यावरून मर्काम. गोंडी कुळनामांच्या अखेरीस येणाऱ्या या ‘आम’चा रामाशी काहीही संबंध नाही. ‘स’चा ‘श’ झाला की शब्दाला संस्कृत वळण येते आणि मग अर्थही संस्कृतातच शोधला जातो. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघातून २०२४ मध्ये निवडून आलेले आमदार आपले आडनाव ‘मसराम’ असे लिहितात. मेस्राम, मसराम, मेश्राम ही एकाच शब्दाची लेखनरूपे होत.

राजुऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हैदराबाद राज्याची राजभाषा उर्दू होती. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. ई, ए आणि ऐ या तिन्ही स्वरांना शब्दाच्या मध्यभागी एकच अक्षर चालते. सीन आणि शीन यांत भेद काय तो तीन नुक्त्यांचा. अशा नोंदीचे देवनागरीत लिप्यंतर करताना मेसराम, मैसराम, मीसराम, आणि नुक्ते पुसट असल्यास मेशराम, यांपैकी कोणतेही रूप संभवते. बाप आणि मुलगा यांच्या दाखल्यांत अक्षराचा फरक पडला, तर तो लिपीचाही असू शकतो. तेवढ्यावरून वंश निराळा ठरत नाही.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. एकाच आडनावाची दोन मुले एका वर्गात बसतात. एकाचा दाखला अनुसूचित जमातीचा, तर दुसऱ्याचा अनुसूचित जातीचा. दोन्ही दाखले खरे असतात. २००१ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार पडताळणी समित्या जुनी कागदपत्रे तपासतात. आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणी सांगितले. त्यामुळे जुन्या कागदाचे मोल वाढले, आणि तो कागद नीट वाचण्याची जबाबदारीही वाढली.

तात्पर्य, आडनाव हा भाषिक संपर्काचा पुरावा आहे. जातीचा अथवा जमातीचा निर्णय त्यावरून करता येत नाही. या भागातील नामांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शब्दाबरोबर त्याचे लेखन, त्याची लिपी, कुळाचा देव आणि सोयरिकीचे नियम ही सर्व एकत्र नोंदवावीत. एवढे केल्याशिवाय नुसत्या नावावरून कुणाचेही मूळ सांगू नये.