ढेलजेतली शिंगे

आमच्या वाड्याच्या ढेलजेत, दाराच्या उजव्या अंगाला, काळविटाची एक शिंगजोडी टांगलेली होती. दिवाळीपूर्वी भिंतींना चुना लागला की ती खाली उतरे, आणि जवसाच्या तेलाचा बोळा फिरवून तिला उजाळा देण्याचे काम आम्हा पोरांकडे येई. पीळ घेत वर गेलेली ती काळी शिंगे हातात घेतली म्हणजे आपणच शिकारी झाल्यासारखे वाटे. फराळाला आलेले पाहुणे विचारीत, "कोणी मारलं?" आणि आमचे काकाजी काही न बोलता मिशीत हसत.

ती शिंगे घरात कशी आली ते मला ठाऊक आहे, कारण त्या रात्री मी तेथे होतो. पण नुसती तेवढीच हकीकत सांगितली तर ती एका घरची गोष्ट होईल. तेव्हा वऱ्हाडातल्या हरणांच्या शिकारीची कुळकथा आधी थोडी ऐकून घ्यावी, अशी वाचकांना विनंती आहे.

वऱ्हाडचा उत्तरेचा डोंगर म्हणजे मेळघाट. तेथे सांबर, चितळ आणि भेकर. यांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. घाट उतरून खाली आले, की पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती-अकोल्याचे काळ्या मातीचे सपाट रान लागते. या मोकळ्या रानाचा धनी काळवीट. लोक त्यालाही हरीणच म्हणतात, पण त्याची शिंगे जन्मभर गळत नाहीत. नर वयात येता येता तांबूस रंग टाकून काळा होत जातो. मादीला बहुधा शिंगे नसतात. झाडी त्याला नको. दूरवर नजर जाईल असे गवताळ माळ हवे. भिस्त डोळ्यांवर आणि पायांवर. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे माळ गेला आणि त्याच्या मागोमाग काळवीटही गेला.

शिकारीला मराठीत तीन शब्द आहेत, आणि मला वाटते, या तीन शब्दांत सारा इतिहास साठलेला आहे. पहिला 'मृगया'. मृग म्हणजे मुळात कोणतेही रानटी जनावर. म्हणून तर सिंह हा मृगेंद्र. मृगया राजाने करायची. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेला मानाचे पान आहे. दुसरा शब्द 'शिकार'. हा फारसी, मोगलांच्या आणि सुलतानांच्या दरबारांतून आलेला. १५९६ च्या सुमारास वऱ्हाड अकबराच्या राज्याला जोडला गेला आणि गाविलगड, नरनाळा ही नावे 'आईन-ए-अकबरी'त चढली. त्याच ग्रंथात अबुल फजलने हरणाकडून हरीण धरण्याची एक गमतीची रीत लिहून ठेवली आहे. माणसाळवलेल्या नराच्या शिंगांवर जाळे बांधून त्याला रानातल्या नरासमोर सोडायचे. दोघे झुंजायला लागले की रानटी नराची शिंगे जाळ्यात अडकतात आणि लपलेली माणसे धावून त्याला धरतात. शिकवलेला चित्ता हरणावर सोडणे हा तर बादशहाचा आवडता छंद होता.

तिसरा शब्द 'पारध'. त्याचे मूळ संस्कृत 'पापर्द्धि' या शब्दात सांगतात. म्हणजे पापाची वाढ! राजा मारतो ती मृगया, दरबार मारतो ती शिकार, आणि पोटासाठी मारणाऱ्याच्या वाट्याला मात्र पाप. शब्द घडवणारे लोक मोठे धूर्त असतात.

ही पारध करणारी जमात म्हणजे पारधी. वऱ्हाडात त्यांचे पोटभेद बरेच. जाती-टाकी करून पोट भरणारे ते टाकणकार, फासे लावणारे ते फासेपारधी, गाईच्या आडोशाने सावजाजवळ जाणारे ते गायपारधी. आमच्या गावाला फासेपारधी येत. गाव मूर्तिजापूर आणि कारंजा यांच्या दरम्यानचे. त्या काळी सारा मुलूख अकोला जिल्ह्यातच होता. कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली की गैरानात चार-दोन पाले पडत. बायका सुया-पोत विकायला गावात येत, आणि त्यातला एक म्हातारा आमच्या शेतात रात्रीच्या जागलीला राही. ज्वारीत हरणे शिरू नयेत म्हणून हरणे धरणाऱ्यालाच राखणीला ठेवायचे, ही आमच्या आजोबांची युक्ती.

मी दहा-अकरा वर्षांचा होतो. या म्हाताऱ्यामागे हिंडण्यात माझी दिवाळीची सुट्टी जाई. त्याचे फासे म्हणजे जनावराच्या स्नायूंची तात वळून केलेली वेटोळी. अशी पुष्कळ वेटोळी एका लांब दोरीला ओळीने बांधलेली आणि दोरी खुंट्यांनी जमिनीला ठोकलेली. ती तो धुऱ्याच्या कडेने, गवतात दिसणार नाहीत अशी मांडी. मग शिकवलेला बैल पुढे घालून, त्याच्या पोटाआड वाकून, इतका सावकाश कळपाच्या मागे जाई की बैल चरतो आहे असेच हरणांना वाटावे. धावायचे नाही, ओरडायचे नाही. "हरणाले भेव दाखवशील त ते उडते," तो म्हणे. "त्याले नुसता कंटाळा आनला पायजे. मंग ते चालत चालत फाश्यात येते."

त्याने मला कितीतरी गोष्टी शिकवल्या. वारा आपल्या तोंडावर घ्यायचा, पाठीवर नाही. कळपात नर कितीही तोऱ्यात मिरवो, नजर ठेवायची ती म्हाताऱ्या मादीवर, कारण पळायचे कुठे ते ती ठरवते. एकटा काळा नर एकाच जागी रोज लेंड्या टाकत असेल तर ती त्याची हद्द. तो हाकलला तरी फिरून तेथेच येणार. पाडस गवतात दडून बसलेले दिसले तर त्याला हात लावायचा नाही. आणि पाण्यावर फासा कधीच मांडायचा नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "तहानेल्याले धरू नये."

एके सकाळी फाशात मादी सापडली. पोट चांगलेच भरलेले होते. म्हाताऱ्याने तिच्या डोळ्यांवर फडके टाकले, पायाचा फास सोडवला, काचलेल्या जागी दोन्ही हातांनी चोळले आणि फडके काढून घेतले. ती क्षणभर उभी राहिली, आणि मग एका उडीत दिसेनाशी झाली. पालात पोरे उपाशी होती, हे मला ठाऊक होते. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "गाभन हाय ते, बाबू. आज तिले खाल्लं त पुढच्या साली माये लेकरं काय खातीन?"

पुढे मोठेपणी माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचा अभ्यास वाचनात आला. पश्चिम महाराष्ट्रातले नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारीच्या रीतीभाती त्यांनी तपासल्या होत्या. फासेपारधी फाशात आलेली पाडसे आणि गाभण माद्या सोडून देत, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे आमच्या म्हाताऱ्याचे ते काही एकट्याचे औदार्य नव्हते. ती जमातीची जुनी शिस्त होती.

आता माळाकडे वळू. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून थेट नागपूरला पोचली. पडीत राने मोडून कपाशी पेरली जाऊ लागली. गवत गेले, आणि हरणे पिकात शिरू लागली. कालपर्यंत जे रानाचे शोभेचे जनावर होते ते कुणब्याचे वैरी ठरले. कुणब्याचा दोष मी म्हणत नाही. रात्रभर माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्याला हरणाच्या डोळ्यांचे कौतुक सांगू नये.

सरकारने काय केले? दोन कायदे केले. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना काही पशुपक्ष्यांसाठी शिकारबंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार दिला. पण मालमत्तेच्या राखणीसाठी जनावर मारले तर तो गुन्हा नव्हे, अशी फटही ठेवली. दुसरा कायदा त्याहून जुना, १८७१ चा, गुन्हेगार जमातींचा. १९११ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. कित्येक पारध्यांची नावे त्यात चढली. ज्या जमातीची नोंद झाली तिच्यात जन्मणे हाच गुन्हा, आणि पोलिसांकडे हजेरी ही रोजची भाकरी. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि या जमाती कागदावर विमुक्त झाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक गोष्ट घडली. लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्या बाजारात आल्या. 'अधिक धान्य पिकवा'चे दिवस होते. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळू लागले. जीप, बंदूक आणि झगझगीत दिवा ही तीन एकत्र आली आणि माळावरचे राजेपण संपले.

१९५९ ची दिवाळी. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. काकाजींचे तालुक्याचे स्नेही जीप घेऊन आले. पीकसंरक्षणाची बंदूक काकाजींच्याच नावावर होती. मला मागे बसायला मिळाले, या आनंदात मी फुटाणे खात होतो. काळोखी रात्र, पूर्वेला मृग नक्षत्र वर आले होते, पोटात तीन ताऱ्यांचा बाण घेऊन. दिवा फिरला आणि माळावर एकदम हिरवे डोळे चमकले. हरणे पळाली नाहीत. डोळ्यांवर भिस्त ठेवणारे ते जनावर उजेडाने आंधळे होऊन उभे राहिले. किती बार झाले ते मी मोजले नाही. पाच पडली. त्यात एक काळा नर, तीन माद्या, एक पाडस. दोन लंगडत अंधारात गेली. त्यांच्यामागे कोणी गेले नाही. एका मादीचे पोट फाडले तेव्हा काकाजींच्या स्नेह्यांपैकी एक जण तोंड फिरवून जीपमध्ये जाऊन बसला. नराची शिंगे काकाजींना मिळाली.

आठ दिवसांनी चौकशीला दोन माणसे आली. रानात कातडी आणि आतडी सापडली होती. ढेलजेत चहा झाला. शिंगे तेव्हा माडीवर मिठात पडलेली होती. कोणी मारली म्हणून विचारले, तेव्हा काकाजी म्हणाले, "गैरानात पारधी उतरले आहेत." एवढेच. ते खोटे नव्हते. पारधी उतरलेच होते. मी उंबऱ्यात उभा होतो. बार फाशातून निघत नाहीत, हे त्या दोघांनाही कळत असणार.

दुसऱ्या दिवशी पाले नव्हती. म्हाताऱ्याला नेले, आणि बाकीची बिऱ्हाडे रातोरात उठली. बैल कोणीतरी पाटलाच्या कोंडवाड्यात घातला. आजोबांनी काकाजींशी पुढे महिनाभर बोलणे टाकले, पण तेही कुठे जाऊन काही बोलले नाहीत. म्हातारा पुन्हा आमच्या गावी दिसला नाही.

त्यानंतर मला आठवतो तो काळ फार झरझर गेला. १९६५-७० पर्यंत आमच्या शिवारात कळप दिसेनासे झाले. कधी तीन, कधी चार हरणे. हरणावर जगणारा चित्ता तर आधीच गेला होता. कोरियाच्या राजाने १९४७ साली तीन मारले आणि १९५२ साली तो देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली परदेशातून आणून कुनोच्या जंगलात सोडला, ते वाचकांना ठाऊकच आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. १९७४ साली मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. आणि २००० साली आमच्याच मुलखात, कारंजा-सोहोळचे सुमारे १८ चौरस किलोमीटर रान काळविटांसाठी अभयारण्य म्हणून राखले गेले. कायदा झाला नसता तर ही वेळ आली नसती, हे मी मान्य करतो. पण त्याच कायद्याने फाशाला आणि बंदुकीला एकाच ओळीत बसवले. आणि बंदूकवाल्यांच्या हाती तोवर दुसरे धंदे होते, फासेवाल्याच्या हाती काही नव्हते.

दोन वर्षांपूर्वी सोहोळच्या बाजूला गेलो होतो. सकाळची वेळ, गवत पिवळे पडलेले. वारा तोंडावर घेऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने एक कळप दिसला. काळा नर मान वर करून मिरवत होता. मी सवयीने म्हातारी मादी शोधली. तिने मला आधीच पाहिले होते.

शिंगांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. २००३ साली घरोघरच्या अशा जुन्या वस्तू जाहीर करण्याची मुदत सरकारने दिली. काकाजी तोवर गेले होते. त्यांच्या मुलाने रीतसर अर्ज केला. मी सोबत होतो. टेबलापलीकडच्या कारकुनाने विचारले, "ही तुमच्याकडे कशी आली?"

"वडिलार्जित," तो म्हणाला. कारकुनाने तसे लिहून घेतले, आणि मी तेव्हाही काही बोललो नाही.