ड्रोनद्वारे वायुवेगमापन

ड्रोनद्वारे वायुवेगमापन म्हणजे लहान मानवरहित विमानाच्या साहाय्याने जमिनीलगतच्या वातावरणातील वाऱ्याचा वेग व दिशा मोजण्याची पद्धत होय. हवामानकेंद्रांतील वायुवेगमापक सामान्यतः १० मीटर उंचीवर असतात. त्यावरील वारा मोजण्यासाठी उभारलेले मनोरे एकाच जागी खिळलेले असतात, तर रेडिओसाँडचा फुगा वाऱ्याबरोबर वाहत जातो. ड्रोन मात्र इष्ट स्थळी व इष्ट उंचीवर स्थिर राहू शकतो.

तत्त्व

ड्रोनवरील उपकरणास केवळ सापेक्ष वारा जाणवतो. खरा वारा काढण्यासाठी त्यात ड्रोनचा जमिनीसापेक्ष वेग दिशेसह मिळवावा लागतो. हा वेग जीपीएसवरून कळतो. उदाहरणार्थ, पूर्वेकडे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या ड्रोनवर समोरून १४ मीटर वेगाचा वारा येत असल्यास, प्रत्यक्ष वारा पूर्वेकडून सेकंदाला ४ मीटर वेगाने वाहत असतो.

पद्धती

* *कलावरून अनुमान* : अनेक पंख्यांचा ड्रोन जागेवर टिकून राहण्यासाठी वाऱ्याच्या दिशेने कलतो. या कलाच्या कोनावरून वेगाचे अनुमान करता येते. वेगळ्या वायुवेगमापकाची गरज नसते. अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाचा ‘कॉप्टरसाँड’ ही पद्धत वापरतो.
* *श्राव्यातीत वायुवेगमापक* : दोन संवेदकांमधील अंतर कापण्यास ध्वनीला वाऱ्याच्या दिशेने कमी व विरुद्ध दिशेने अधिक वेळ लागतो. या फरकावरून वेग काढला जातो.
* *बहुछिद्री नळी* : स्थिर पंखांच्या विमानाच्या अग्रभागी बसवलेल्या नळीच्या छिद्रांवरील दाबांतील फरकांवरून सापेक्ष वाऱ्याचा वेग व दिशा कळते.

अचूकता

पंख्यांमुळे निर्माण होणारा झोत हा त्रुटीचा प्रमुख स्रोत आहे. त्यामुळे वायुवेगमापक पंख्यांच्या पातळीच्या बराच वर, दांड्यावर बसवतात. दांडा फार उंच केल्यास मात्र ड्रोनचा तोल बिघडतो. कलावर आधारित पद्धतीत अंशशोधन अनिवार्य असते. त्यासाठी वातविवरात किंवा मनोऱ्यावरील उपकरणाशेजारी ड्रोन उडवून कोन व वेग यांचा संबंध निश्चित करतात. ड्रोनचे वजन वा आकार बदलल्यास हे काम नव्याने करावे लागते. क्षणिक झुळुकांपेक्षा काही काळाच्या सरासरीचे मापन अधिक विश्वसनीय ठरते. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील सॅन लुईस खोऱ्यात झालेल्या मोहिमेत विविध ड्रोनांच्या मापनांची परस्परांशी व जमिनीवरील संदर्भ उपकरणांशी तुलना करण्यात आली.

महत्त्व व मर्यादा

वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे वेग १० टक्के अधिक मोजला गेल्यास ऊर्जेचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी फुगतो. म्हणूनच पवनचक्क्यांसाठी जागा निवडताना लहानशी चूकही महाग पडते. वणवे, धुके व प्रदूषणाचा प्रसार यांच्या अभ्यासातही ही मापने उपयुक्त असतात. बॅटरीचा अल्प काळ, पाऊस, सोसाट्याचा वारा आणि उड्डाणाच्या उंचीवरील कायदेशीर निर्बंध या पद्धतीच्या प्रमुख मर्यादा होत.