आसात्रू मंदिर, रेक्याविक

प्राचीन नॉर्स धर्माच्या आधुनिक अनुयायांचे आइसलँडमधील देवालय (हॉफ). इ. स. १००० च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ओडिन, थोर, फ्रेया या देवतांची सार्वजनिक उपासना थांबली. शेतकरी व कवी स्वेनब्यॉर्न बेन्तेन्सन यांच्या पुढाकाराने या उपासनेच्या पुनरुज्जीवनासाठी १९७२ मध्ये आसात्रू संघटना स्थापन झाली. १९७३ मध्ये तिला शासनमान्यता मिळाली. मंदिराचे बांधकाम राजधानी रेक्याविकमधील ओस्क्युहलिद टेकडीच्या उतारावर २०१५ मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद माग्नुस येन्सन यांच्या आराखड्यात टेकडीत अंशतः खोदलेले घुमटाकार सभागृह आहे. ‘ब्लोत’ या मुख्य विधीत पेयाने भरलेले शिंग हातोहात फिरवून देवतांचे स्मरण करतात व नंतर सहभोजन होते. पशुबळी दिला जात नाही. संघटनेच्या पुरोहितांनी लावलेले विवाह कायदेशीर मानले जातात.