नादारीचे दप्तर

मराठीत हात रिकामा झालेल्या माणसासाठी दोन शब्द आहेत. दिवाळे बाजारात निघते आणि नादारी कचेरीत मिळते. देणी भागेनाशी झाली की व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून ‘दिवाळे’ आले, असे सांगितले जाते. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, दिवाळे चारचौघांना दिसावे लागते हे तिच्यात गृहीत आहे. ‘नादार’ म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो. पूर्वी शाळेची फी माफ होई, तिलाही आपण ‘नादारी’च म्हणत असू. ही माफी मिळायला अर्ज करावा लागे आणि आपल्याजवळ काही नाही हे सिद्ध करावे लागे. वऱ्हाडच्या कर्जाचा इतिहास वाचताना ह्या दोन शब्दांमधले अंतर ध्यानात ठेवावे, असे आम्हांला वाटते.

वऱ्हाड हा मुलूखच एका थकलेल्या देण्यापायी इंग्रजांकडे गेला. निजामाच्या नावावर चालणाऱ्या कंटिंजंट फौजेचा खर्च तुंबला आणि १८५३ च्या तहाने हा प्रदेश त्या खर्चापोटी कंपनी सरकारच्या हवाली झाला. १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला. गहाण ठेवलेले शेत सुटत नाही आणि शेवटी सावकाराच्याच नावावर चढते, हा प्रकार इथे गावोगाव घडत होता. तो आधी साऱ्या प्रांताच्या बाबतीत घडून गेला होता.

त्या शेताला किंमत आली ती कापसाने. १८६१ पासून मुंबईच्या धर्तीवर जमिनीची पाहणी सुरू झाली आणि शेत खातेदाराला विकता-गहाण टाकता येईल अशी मालमत्ता बनले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले. १८६५ मध्ये ती संपताच उतरले. पुढे १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये खामगावचा फाटा निघाला. विकता येणारी जमीन आणि दूरदेशी ठरणारा भाव अशी सांगड पडल्यावर कर्ज वाढणार हे उघड होते. मग बुडालेल्यांची सरकारी नोंद कुठे आहे?

सरळ उत्तर असे, की जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात. मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांना १९०९ चा स्वतंत्र कायदा होता. बाकीच्या मुलखासाठी १९०७ चा आणि नंतर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आला. कर्ज किमान ५०० रुपयांचे असेल, किंवा हुकूमनाम्यापायी ऋणकोला अटक वा कैद झाली असेल, तर तो स्वतः अर्ज करू शकत असे. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाई. ऋणकोचे नाव, पत्ता आणि निकालाची तारीख सरकारी राजपत्रात छापून येई. म्हणजे दिवसा लावलेल्या दिव्याची जागा आता राजपत्राने घेतली होती.

अभ्यासकाच्या दृष्टीने राजपत्राची ही तरतूद मोलाची आहे. दिवाणी कागद अनंतकाळ टिकत नाहीत. १९१७ च्या कायद्याने उच्च न्यायालयांना जुने कागद नष्ट करण्याचे नियम करण्याची मुभा दिली. मूळ फाईल नाहीशी झाली तरी राजपत्रातली चार ओळींची नोंद एखाद्या ग्रंथालयात सापडू शकते. वऱ्हाडात आणखी एक गुंतागुंत आहे. १९०३ पर्यंत हा प्रदेश हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली होता आणि रेसिडेन्सीचे दप्तर आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पुढचा कारभार नागपूरहून चाले. मुलूख कागदोपत्री निजामाचाच असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. अधिसूचना काढून ते लागू करावे लागत. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले तेव्हा एलिचपूर अमरावतीत गेले आणि बाशीमचा मोठा भाग अकोल्यात. म्हणून वाशीमच्या जुन्या ऋणकोचा माग अकोल्यापासून काढावा लागतो.

एवढे करूनही शेतकरी ह्या दप्तरात फारसा भेटेल अशी आशा धरू नये. त्याचे कारण कायद्याच्या मजकुरातच आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तो मजकूर एखाद्या संहितेसारखा वाचून पाहावा. ऋणकोची बिनशर्त मुक्तता कोणकोणत्या कारणांनी नाकारावी, ह्याची १९२० च्या कायद्यात यादी आहे: मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही वसूल होत नसणे, धंद्याच्या रिवाजाप्रमाणे हिशेबाच्या वह्या न ठेवणे, बेफाम सट्टा, उधळेपणा, जुगार. ही यादी ज्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे तो माणूस गादीवर बसणारा आहे. अकोला-खामगावच्या कापूसबाजारात सट्ट्याने बसलेला अडत्या तिच्यात चपखल बसतो. कोरडवाहू शेत करणाऱ्या कुणब्याकडे वह्या कुठल्या? वही सावकाराकडेच असे, आणि तिच्यात काय लिहिले आहे हे कुणब्याला वाचता येत नसे.

शिवाय १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारे, लागतील तेवढे बैल, बियाणे आणि शेतकऱ्याचे राहते घर ह्यांना जप्तीतून वगळले होते. हे वगळल्यावर शेतकऱ्याकडे उरते ते शेत, आणि ते आधीच गहाण असे. तारण असलेल्या सावकाराचा त्या तारणावरचा हक्क नादारीने जात नाही. तेव्हा अर्ज करून शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार होते?

म्हणून त्याचे दिवाळे दुसऱ्याच नावांच्या कागदांत विखुरलेले आहे: गहाणखत, मुदतखरेदी, हुकूमनाम्याची दरखास्त, लिलावाची जाहिरात. ह्यांतल्या एकाही कागदावर ‘नादार’ हा शब्द नसतो. जो देण्यातून सुटण्यासाठी अर्ज करू शकला तो कायद्याने नादार ठरला. ज्याचे खरोखर सर्वस्व गेले त्याची नोंद केवळ ‘लिहून देणार’ अशी राहिली.

ही उणीव त्या काळीही जाणवली होती. मंदीत कापसाचे भाव कोसळल्यावर १९३३ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्जलवादाचा कायदा झाला. १९३० ते १९३३ ह्या काळात प्रांताचे मंत्री असलेल्या पंजाबराव देशमुखांचे नाव त्याच्याशी वऱ्हाडात आजही जोडले जाते. लवाद मंडळापुढे ऋणको आणि धनको दोघांनाही आपापल्या देण्याघेण्याचे निवेदन द्यावे लागे. सावकाराच्या वहीसमोर ऋणकोचे म्हणणेही लेखी येण्याची ही सोय होती. वऱ्हाडी शेतकऱ्याची नादारी वाचायची असेल तर न्यायालयाच्या दप्तराइतकेच ह्या मंडळांचे कागद शोधले पाहिजेत, असे आमचे मत आहे.

हा प्रश्न केवळ जुन्या दप्तरांचा नाही. २०१६ मध्ये देशात नवी दिवाळखोरी संहिता आली. पण तिच्यातला व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये अमलात आला तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. दरम्यान अमरावती विभागात २००१ पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची सरकारी नोंद सुरू झाली. तिच्यात प्रत्येक मृत्यूपुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा, असे निकष. ज्याने बिनपरवाना सावकाराकडून तोंडी बोलीवर पैसे घेतले, त्याचे कर्ज ह्या कागदावर कर्जच ठरत नाही. नादारी सिद्ध करण्याची जुनी अट मेलेल्या माणसालाही सुटलेली नाही.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ किंवा सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ शिकवताना ‘वास्तववाद’ हा शब्द आपण सहज वापरतो आणि वास्तव म्हणून दप्तराकडे बोट दाखवतो. दप्तर कोणाला आत घेते हे आधी तपासावे. वऱ्हाडात कादंबरीत ज्यांची नावे आली ती माणसे बहुधा ह्या दप्तराच्या दाराबाहेरच थांबलेली होती.