काळ्या पाषाणातील कुळकथा

सोलापूरच्या आसपास विहीर खणणाऱ्या माणसास पोटातल्या जमिनीची ओळख पुस्तकावाचून असते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी सुरुंगावाचून न फुटणारा काळा फत्तर. कोठे कोठे दोन फत्तरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. हा पट्टा म्हणजे एका विसाव्याची खूण होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनची भूमी फाटून लाव्हारस वाहिला. परंतु तो एका दमात वाहिला नाही. एक लोट थंडावल्यावर पुढचा येईपर्यंत कित्येकदा हजारो वर्षे जात. तेवढ्या अवधीत खडकाची माती होई, तळी साचत, झाडे वाढत, प्राणी वावरत. आणि मग नवा लोट त्या साऱ्यांवर पांघरूण घाली.

अशा विसाव्यांच्या थरांकडे बारकाईने पाहणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत नागपूरचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव घ्यावे लागते. नागपूरजवळच्या थरांतून त्यांनी फळे, बिया, शिंपले यांचे अश्मीभूत अवशेष गोळा केले. १८६३ साली ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. सस्तन प्राणी मात्र या थरांत त्यांना आढळला नाही, आणि पुढे शंभरावर वर्षे तो कोणासच आढळला नाही.

याचे कारण अगदी साधे आहे. डायनोसॉरचे हाड नांगरालाही अडावे एवढे मोठे. पण त्या काळचा हा सस्तन प्राणी जेमतेम उंदराएवढा, आणि त्याची दाढ मोहरीच्या दाण्याएवढी! सोलापूरहून हैदराबादला जाताना विकाराबाद स्टेशन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच बाजूला नसकल नावाचे गाव आहे. तेथील थराची माती भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडून अशा दाढा मिळाल्या. १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी त्या प्राण्याचे नाव ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी’ असे ठेवले. दख्खन आणि हिस्लॉप या दोहोंची स्मृती त्या नावात आहे.

आता प्रश्न आला कुळाचा. सस्तनांच्या दाढांवरचे उंचवटे आणि खळगे कुळाकुळाप्रमाणे निराळे असतात. म्हणून दाढ ही एक प्रकारची वंशावळच होय. पण वंशावळीचे एकच पान हाती आले म्हणजे काय होते, ते पाहावे. प्रथम या प्राण्यास कीटक खाणाऱ्या एका पुरातन कुळात बसविण्यात आले. १९९४ साली घोट्याची हाडे अभ्यासली गेली. ती झाडावर वावरणाऱ्या प्राण्याची दिसली, आणि वानरांच्या पूर्वजांशी त्याचे नाते असावे, असा विचार पुढे आला. २०१० च्या सुमारास यूरोप व आफ्रिका येथील एका लुप्त कुळाशी त्याचा मेळ बसला. २०११ साली अधिक लक्षणे ताडून पाहता असे दिसले की, वार असणाऱ्या आजच्या सस्तनांच्या हा जवळचा खरा, परंतु त्यांच्या पंक्तीतला नव्हे.

वानरांचा, म्हणजे पर्यायाने आपलाही, मूळ पुरुष दख्खनचा, असे म्हणण्याचा मोह आपणास होणे साहजिक आहे. पुराव्याचा कौल तसा नसेल तर तो मोह आवरला पाहिजे.

दुसरे उदाहरण बेळगाव जिल्ह्यातील गोकाकचे. तेथील धबधब्यामुळे आणि गिरणीमुळे हे नाव एकेकाळच्या गिरणगाव सोलापुरास परके नाही. तेथे, तसेच नसकललाही, उंच माथ्याच्या दाढा मिळाल्या. २००७ साली दोन निरनिराळ्या अभ्यासक-मंडळींनी एकाच प्राण्यास दोन नावे दिली : ‘भारतथेरियम’ आणि ‘दक्षिणा’. आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकावे, असा शास्त्राचा संकेत असल्यामुळे पहिले नाव राहिले. याचे आप्त अर्जेंटिनात आणि मादागास्करात सापडतात. हे सारे भूभाग एके काळी गोंडवन या एकाच महाखंडात होते. त्या आप्तांनाही आधी स्लॉथसारख्या दंतहीनांच्या गणात घातले होते, मग तेथून उठवून दुसरीकडे नेले. पुढे २०१४ साली मादागास्करातील एका आप्ताची अख्खी कवटी प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे या चर्चेस बळकट आधार मिळाला.

वर्गीकरण इतक्या वेळा बदलते, तर त्यावर विश्वास तरी कसा ठेवावा, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, विश्वास याच कारणासाठी ठेवावा. नवा कागद पुढे आला की जुना निवाडा फिरविण्याची तयारी ज्या न्यायासनाची असते, तेच भरवशाचे.

मात्र कागद पुढे यावयास तो आधी शिल्लक उरला पाहिजे. तांबड्या पट्ट्यात जीवाश्म सहसा टिकत नाहीत; ते मिळतात जुन्या तळ्याच्या गाळात. दगडाच्या खाणींत आणि विहिरींत असे थर रोज फुटत असतात. यंदाच्या उन्हाळ्यात कोणाच्या शेतात विहीर खणताना दोन फत्तरांच्या मध्ये राखी गाळ किंवा शिंपले लागले, तर ते ढेकूळ बांधावर टाकण्यापूर्वी एखाद्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांस दाखवावे, एवढीच आमची विनंती आहे.