कोणती अमरावती? ब्राउझर ऑटोमेशन आणि त्याच्या माहितीलेखनाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. ब्राउझर आपोआप चालवणारी टूल्स, आणि ती कशी वापरायची हे एआय एजंटला समजावणारं लेखन, म्हणजे डॉक्युमेंटेशन. पण या विषयाचा धागा आपल्या सातबाऱ्यापर्यंत येतो, म्हणून तिथूनच सुरू करू.

महाभूलेखवर सातबारा बघायचा तर बरीच वर्षं आधी विभाग निवडावा लागे, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट नंबर. अमरावती तालुक्यातल्या माणसाला 'अमरावती' हाच शब्द तीनदा निवडावा लागायचा. अकोल्याच्या माणसाला 'अकोला' दोनदा. शिवाय तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे, तो वेगळाच. सेतू केंद्रात बसणाऱ्या मुलाला हे सांगावं लागत नाही. यंत्राला मात्र 'अमरावतीवर क्लिक कर' एवढंच सांगून भागत नाही. कोणत्या अमरावतीवर?

हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच पडला होता. २००४ साली शिकागोत, थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी सेलेनियम तयार केलं. तेव्हा या क्षेत्रात मर्क्युरी नावाची मोठी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम उतारा, असा त्या नावामागचा विनोद. काम साधं होतं: वेबसाइट नीट चालते का, हे माणसाने पुन्हा पुन्हा क्लिक करून तपासण्याऐवजी प्रोग्रामने तपासायचं.

त्या काळी बटणाचा पत्ता बऱ्याचदा जागेवरून दिला जाई: तिसऱ्या रकान्यातलं दुसरं बटण. म्हणजे 'पिंपळाशेजारचं तिसरं घर' म्हणावं तसं. मधे एक घर उठलं की पत्ता चुकला. पण तेव्हा डॉक्युमेंटेशनचा वाचक प्रोग्रामर होता. मॅन्युअलमध्ये काही राहून गेलं तर तो स्वतः पान उघडून बघे, शेजाऱ्याला विचारे, दुरुस्त करे. लिहिणाऱ्याचा आळस वाचणाऱ्याच्या शहाणपणावर खपून जाई.

पुढे सायमन स्ट्युअर्ट यांचं वेबड्रायव्हर सेलेनियममध्ये मिसळलं आणि २०१८ मध्ये ते डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक झालं. २०१७ मध्ये गूगलचं पपेटिअर आलं, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट. या प्रवासात पत्ता देण्याची रीत बदलत गेली. जागेऐवजी भूमिका आणि नाव: 'सातबारा पहा' नावाचं बटण, 'तालुका' नावाची यादी. ही नावं ज्या रचनेतून मिळतात ती मुळात अंध वापरकर्त्यांच्या स्क्रीन रीडरसाठी उभी राहिली, हे विसरू नका. ज्या पानावर बटणाला नावच नाही, फक्त चित्र आहे, तिथे अंध माणूसही अडतो आणि रचनेवर विसंबलेला एजंटही.

आता एजंटकडे येऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी ही पद्धत जाहीर केली. तीत प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि त्याला काय माहिती द्यायची याचा आराखडा मॉडेलला वाचायला मिळतो. २०२५ मध्ये प्लेराइटचं एमसीपी रूप आलं. ते पानाचं मजकुरी चित्र देतं आणि त्यातल्या प्रत्येक घटकाला एक खूण देतं. पान बदललं की जुनी खूण शिळी होते. हे एक वाक्य वर्णनात नसेल, तर एजंट शिळ्या खुणेवर क्लिक करत बसतो. इथे वाचक शेजाऱ्याला विचारत नाही. जे लिहिलं नाही, ते तो अंदाजाने भरतो.

आपल्या भागात असं लेखन नवं नाही बरं का. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर म्हणजे महानुभावांचं मोठं ठाणं. त्या पंथात चौदाव्या शतकातली 'स्थानपोथी' आहे. चक्रधरांचा वास कुठे झाला, ते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कशाच्या कोणत्या बाजूला आहे, याची ती नोंद. जो वाचक तिथे कधी गेलाच नाही, त्याला फक्त शब्दांवरून ठिकाण सापडावं, ही त्या लेखनाची कसोटी. एजंटसाठी लिहिताना कसोटी तीच.

फरक एकच आहे, आणि तोच आज महत्त्वाचा. पोथी वाचून चुकलेला माणूस मागे फिरून येतो. महाडीबीटीवर चुकीच्या घटकासाठी अर्ज दाखल झाला, तर त्याचा फटका शेतकऱ्याला बसतो, टूल लिहिणाऱ्याला नाही. सातबारा पाहणं वेगळं आणि अर्ज 'दाखल करा' हे बटण दाबणं वेगळं. एमसीपीत आता 'हे टूल फक्त वाचतं' किंवा 'हे टूल काही नष्ट करू शकतं' अशा खुणा लिहिता येतात. पण त्या सूचना आहेत, कुलूप नव्हे. अनोळखी सर्व्हरने दिलेल्या अशा खुणांवर विश्वास ठेवू नये, हे त्या मानकातच सांगितलंय. प्लेराइटच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत क्लिकच्या टूलला घटकाचं माणसाला कळेल असं वर्णन द्यावं लागे. कशासाठी? परवानगी मागण्यासाठी.

तेव्हा आपल्या अमरावती-अकोल्यात कुणी पोरं सरकारी पोर्टलसाठी अशी टूल्स लिहीत असतील, तर वर्णनात तीन गोष्टी जरूर लिहा. विभाग, जिल्हा आणि तालुका यांची नावं एकसारखी असू शकतात, म्हणून कोणत्या यादीतली अमरावती ते सांगा. कॅप्चा किंवा ओटीपी आला की थांबा आणि माणसाला बोलवा, हे स्पष्ट लिहा. आणि दाखल करण्याआधी गट नंबर, पीक आणि योजना शेतकऱ्याला मराठीत वाचून दाखवा, त्याचा होकार घ्या, मगच पुढचं बटण. सेतू केंद्रातला चांगला मुलगा हेच करतो. फक्त त्याला ते कुणी लिहून दिलेलं नसतं.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.