शब्दांच्या खोल्या आणि त्यांचे मालक

१९८९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेस या विद्यार्थ्याने ‘टायनीमड’ नावाचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर चित्र नाही, ध्वनी नाही. आहे तो केवळ मजकूर. खेळाडू ‘उत्तर’ असे टंकतो आणि पुढच्या खोलीचे वर्णन समोर उमटते; त्या क्षणी तेथे असलेले इतर खेळाडूही त्याला दिसतात, त्यांच्याशी बोलता येते. असा खेळ तेव्हा नवा नव्हता. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने १९७८ मध्ये ‘मड’ रचायला घेतला, रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला, आणि त्याचेच नाव पुढे या साऱ्या प्रकाराला पडले. टायनीमडचे वेगळेपण असे की तेथे सामान्य खेळाडूही खोली बांधू शकत असे. आणि येथे बांधणे म्हणजे लिहिणे.

या प्रोग्राममध्ये प्रत्येक खोलीपुढे, प्रत्येक वस्तूपुढे एक ‘ओनर’ नोंदलेला असे. आपल्या मालकाची नोंद स्वतःच बाळगणारा मजकूर वाङ्मयाच्या इतिहासात फारसा सापडणार नाही. परंतु या नोंदीचा अर्थ एवढाच, की त्या खोलीचे वर्णन बदलण्याची मुभा कोणाला आहे. व्यवस्थापकाने, म्हणजे त्या जगाच्या भाषेत ‘विझर्ड’ने, एक आज्ञा टंकली की मालक बदले. ही मालकी मालकाची नव्हे, कुळाची होती. आणि कूळकायदा तर तेथे नव्हताच.

त्याच वर्षी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे लार्स पेन्शो याने ‘एलपीमड’ तयार केला. तेथे खेळात वरची पायरी गाठणारा खेळाडू स्वतःच विझर्ड होई आणि त्याला खेळाच्या आत नवा प्रदेश लिहिण्याचा अधिकार मिळे. वेतन नाही, करार नाही. बक्षीस म्हणून काम! (कामाचेच बक्षीस करण्याची ही युक्ती कोणाही संपादकाला हेवा वाटावा अशी आहे.) एकाने गाव लिहिले, दुसऱ्याने त्या गावाबाहेरचे अरण्य, तिसऱ्याने त्या अरण्यात पुरलेली तलवार. अशा लिहिणाऱ्यांपैकी एखादा भांडून निघाला आणि ‘माझे अरण्य मला परत द्या’ म्हणाला, तर काय करायचे? अरण्य काढले तर गावाची वेस पोकळीत उघडणार आणि तलवार नाहीशी होणार. मडच्या जगात हा तंटा पुनःपुन्हा उभा राहिला.

कायद्याचे उत्तर वाटते त्यापेक्षा स्पष्ट होते, आणि योगायोग असा की ते त्याच उन्हाळ्यात मिळाले होते. वॉशिंग्टनमधील बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून १९८५ मध्ये बेघर कुटुंबाचे एक शिल्प करून घेतले. रीडने श्रमाचे पैसे घेतले नाहीत. साहित्याचा व मदतनिसांचा १५,००० डॉलरपर्यंतचा खर्च तेवढा संस्थेने सोसायचा ठरला. हक्क कोणाचा, याविषयी कागदावर एक ओळही नव्हती. पुढे दोघांनीही त्यावर दावा सांगितला. जून १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रीड हा संस्थेचा नोकर नव्हता, म्हणून केवळ काम करवून घेतल्याने संस्था त्या कृतीची कर्ती ठरत नाही. अमेरिकी कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्काचे हस्तांतर सहीच्या लेखाविना होत नाही. न लिहिता मिळते ती वापराची परवानगी.

हाच न्याय मडला लावला, तर अरण्य लिहिणाऱ्याचेच राहते. पण रीडच्या प्रकरणाचा उत्तरार्ध मला अधिक बोलका वाटतो. तडजोडीत त्याला शिल्पाच्या त्रिमित प्रतिकृतींचा हक्क मिळाला आणि मूळ शिल्प संस्थेकडे राहिले. मग साचा काढण्यासाठी ते शिल्प थोडे दिवस हाती मिळावे म्हणून त्याला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. हक्क एकाकडे, वस्तू दुसऱ्याकडे. मडमध्ये मजकूर ज्या डिस्कवर असे ती यंत्रचालकाच्या, बहुधा त्याच्या विद्यापीठाच्या, ताब्यात असे. आणि वीस खोल्यांच्या वर्णनासाठी दावा लावायला कोण जाणार? पुढे अनेक मडांनी नियमच केला, की येथे लिहिलेले लेखक गेला तरी येथेच राहील. करार म्हणून तो भाबडा असेल, पण न्यायालय दूर असताना जगण्यापुरता तो पुरे.

या लेखकांना हवे होते तरी काय? पैसा नव्हे, एवढे निश्चित सांगता येते. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील पाच विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ लिहून १९९१ मध्ये सर्वांना खुला केला, तो दोन मुख्य अटींवर: यातून नफा मिळवू नये, आणि प्रवेशाच्या वेळी आमची पाचही नावे दिसली पाहिजेत. यातून ‘मर्क’ निघाला, मर्कमधून ‘रॉम’, आणि त्यांतून असंख्य खेळ. पोथ्यांच्या पाठपरंपरेसारखीच ही वंशावळ आहे. मर्कमध्ये प्रत्येक प्रदेशाच्या फाइलच्या पहिल्या ओळीत लेखकाचे नाव असे आणि खेळाडूने प्रदेशांची यादी मागितली की ते त्याच्यापुढे येई. मिडगार्ड हे डिकूचे मूळ नगर. त्याची वर्णने इतक्या खेळांत उतरवली गेली की दुसऱ्याच खेळात शिरलेला खेळाडू ओळखीच्या देवळात उभा राही. म्हणूनच ‘मेडिव्हिया’ या खेळाने ती नावे काढून टाकल्याचा आणि वर पैसे घेतल्याचा आरोप झाला, तेव्हा वर्षानुवर्षे धुमसणारा संताप उसळला. आपला कोड नव्याने लिहिलेला आहे, असे मेडिव्हियाचे म्हणणे होते. मला या वादात पैशांपेक्षा नावांचाच मुद्दा लोकांना अधिक झोंबलेला दिसतो.

पैशाचा प्रश्न आला तो निराळ्या दाराने. अमेरिका ऑनलाइन ही कंपनी १९९६ अखेरपर्यंत ताशी दर आकारी. ‘जेमस्टोन ३’ सारखे मजकुरी खेळ तिच्यावर चालत, आणि तिच्या गप्पांच्या दालनांची देखभाल हजारो स्वयंसेवक करीत. मोबदला म्हणजे फुकटचे किंवा सवलतीचे खाते. १९९९ मध्ये त्यांतील काहींनी दावा लावला. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरांवर तो मिटला. लक्षात घेण्याजोगे हे, की तो दावा किमान वेतनाच्या कायद्याखाली होता. नोकर ठरावे तर वेतन मिळे; पण नोकराने लिहिलेले मालकाचे, हेही त्याबरोबर येई. रीड जिंकला होता तो नोकर नव्हता म्हणून. स्वयंसेवी लेखकाला या दोहोंतून एकच काय ते मागता येत होते.

ॲस्पनेसचा मूळ टायनीमड १९९० च्या वसंतात, म्हणजे वर्षही पुरे होण्याआधी, बंद पडला. त्याचा विदासाठा मात्र कोणीतरी जपून ठेवला, आणि पुढे दरवर्षी २० ऑगस्टला तो एका दिवसापुरता चालू करण्याची प्रथा पडली. त्या दिवशी खोल्या जशाच्या तशा उघडत आणि प्रत्येकीपुढे तिच्या मालकाचे टोपणनाव असे.